नलूमावशींचे न दिसलेले ढग

पहिल्याच भेटीत नलूमावशींनी मला विचारलं, "उत्तर कुठे आहे गं तुमच्या घरात?"

मी मनात म्हटलं, झालं, यांचंही तेच. २००२ सालचा जून होता. ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही नुकतंच घर घेतलं होतं, आणि येईल तो मराठी पाहुणा वास्तुशास्त्राचा फुकट सल्ला देऊन जात होता. शेगडी आग्नेयेला नाही म्हणून एका काकूंनी हळहळ व्यक्त केली होती, तर एका काकांनी दक्षिणेचं दार बघून चक्क चपला काढण्याआधी क्षणभर विचार केला होता. त्यामुळे मी जरा तुटकपणेच म्हटलं, "मागची बाजू उत्तरेला. आणि हो, दार दक्षिणेला आहे, आम्हाला माहीत आहे ते."

"अरे वा!" मावशी म्हणाल्या. "मंग मागे सगळं ओपन आहे का? झाडं किती उंच आहेत?"

दक्षिणेच्या दाराला 'अरे वा' म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा अशा पॉटलकची गर्दी होती, अठरा-वीस माणसं घरात होती. सूर्य मावळल्यावर थोड्या वेळाने मावशी श्रीखंडाची वाटी घेऊन वर गेल्या आणि मॅपलच्या शेंड्यांवरून पलीकडचं दिसेल अशी घरातली एकुलती एक खिडकी त्यांनी शोधून काढली. ती बाथरूमची होती. आत त्या आणि बाहेर रांग. कोणाचं तरी पोर दारावर थापा मारून "आय नीड टू गो!" म्हणून रडायला लागलं. बऱ्याच वेळाने दार उघडून मावशी म्हणाल्या, "काही नाही. एकदम क्लिअर." रांगेतल्यांनी याचा काय अर्थ घेतला असेल तो असो. मला मात्र त्या बाईबद्दल कुतूहल वाटायला लागलं ते तिथून.

डॉ. नलिनी देशकर मूळच्या नागपूरच्या. सत्तर सालाच्या आगेमागे इकडे आल्या, आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा कॅलिफोर्नियात, आणि त्या आमच्यापासून चार घरं सोडून एकट्याच राहायच्या. उंच, सडसडीत, केस अगदी बारीक कापलेले. उन्हाळाभर अंगात हॉस्पिटलचे जुने हिरवे कपडे, कारण "धुवून धुवून यांच्याइतकं मऊ काही होत नाही बावा." तीस वर्षं अमेरिकेत राहूनही त्यांचं 'करून राहिली' आणि 'पाहून राहिली' गेलं नव्हतं. मधे मधे अस्सल अमेरिकन इंग्रजी आणि पुन्हा नागपूरची धंतोली.

त्या शोधत होत्या ते ढग. त्यांचं इंग्रजी नाव नॉक्टिल्युसंट. हे ढग नेहमीच्या ढगांसारखे पाऊस घेऊन येत नाहीत, सावलीही देत नाहीत. विमानं उडतात त्याच्याही कितीतरी वर, ऐंशीएक किलोमीटरवर, बर्फाच्या अतिसूक्ष्म कणांचे ते बनतात, तेही फक्त उन्हाळ्यात. जमिनीवर सूर्य मावळून अंधारलेलं असतं, साधे ढग काळे पडलेले असतात, पण इतक्या उंचावर अजून ऊन पोचत असतं. म्हणून उत्तरेच्या क्षितिजाजवळ ते निळसर चांदीसारखे उजळून दिसतात. कॅनडात, उत्तर युरोपात ते दिसतात. ओहायो त्यामानाने फारच दक्षिणेला. पण अलीकडे ते अधूनमधून खालच्या बाजूलाही दिसायला लागले होते, आणि कुठवर दिसतात याची नोंद जगभरातले हौशी लोक ठेवत होते. त्या नोंदी गोळा करणारे एक गृहस्थ कॅनडात होते. मावशी त्यांना जून-जुलैभर ई-मेल पाठवत. तारीख, वेळ, आकाश कसं होतं, आणि शेवटी: दिसले नाहीत.

"पण दिसलेच नाहीत तर कळवायचं काय?" मी एकदा विचारलं.

"तू ऑफिसात काय करते?"

मी एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते.

"मंग तुला तर समजायला पाहिजे. 'चूक सापडली नाही' आणि 'टेस्टच केलं नाही' हे सेम आहे का? 'दिसलं नाही' वेगळं आणि 'पाहता आलं नाही' वेगळं. आभाळ भरलेलं असलं तर 'पाहता आलं नाही' लिहायचं. स्वच्छ आभाळाकडे तासभर पाहून काही नाही दिसलं, तरच 'दिसलं नाही' लिहायचं. ते कमवावं लागते."

या एका भेदावर त्यांचं सगळं जग उभं होतं. भूलतज्ज्ञाच्या कामाबद्दल बोलतानाही त्या हेच सांगत. सर्जनचं काम सगळ्यांना दिसतं. भूल देणारा उशाशी बसून तासन् तास बघत असतो, आणि काहीच घडलं नाही तर त्याचं काम उत्तम झालं. "माझ्या करिअरचे बेस्ट दिवस म्हणजे नथिंग हॅपन्डवाले," असं त्या म्हणत. हा काटेकोरपणा मग रोजच्या जगण्यातही उतरायचा. "आमटी कशी झालीय?" विचारलं तर "छान" असं कधी म्हणायच्या नाहीत. "अजून खाल्ली नाही" म्हणायच्या, खाऊन झाल्यावर परत स्वयंपाकघरात येऊन सांगायच्या, आणि तेव्हाही मीठ कमी असेल तर कमीच.

आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या मागे पावसाचं पाणी साठवण्यासाठी केलेलं एक तळं होतं. मधे कारंजं, काठावर बदकांची फौज आणि त्यांनी करून ठेवलेली घाण. त्याच्या बांधावरून उत्तरेला सोयाबीनचं शेत सरळ क्षितिजापर्यंत दिसायचं. मावशींनी ती जागा पक्की केली. कॅम्पिंगची घडीची खुर्ची, चहाचा थर्मास, मांडीवर क्लिपबोर्ड, असा त्यांचा संसार रोज संध्याकाळी तिथे मांडलेला असायचा.

आणि मग त्यांनी आमचे आईवडील पळवले. म्हणजे कुणा एकाचे नव्हे, सगळ्यांचेच. उन्हाळा म्हणजे आमच्याकडे भारतातून येणाऱ्या आईबाबांचा मोसम. सहा महिन्यांचा व्हिसा, मुलं-सुना दिवसभर ऑफिसात, गाडी चालवता येत नाही, टीव्हीवर समजेल असं काही नाही. मग संध्याकाळी नऊवारी-पाचवारीवर पांढरे स्पोर्ट्स शूज घालून तळ्याला फेऱ्या. मावशींनी ही अफाट रिकामी फौज हेरली. प्रत्येकाला बांधावर बसवलं, उत्तरेकडे तोंड करायला लावलं आणि हात सरळ पुढे करून मूठ वळायला शिकवलं. हाताच्या अंतरावरची एक मूठ म्हणजे दहा अंश. ढग क्षितिजापासून किती वर आहे ते मुठीवर मूठ ठेवून मोजायचं.

एकदा कुत्रं फिरवायला निघालेल्या शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांना हे दृश्य दिसलं. सहा-सात ज्येष्ठ नागरिक रांगेत बसून उत्तरेला मुठी दाखवतायत. त्यांनी टोपी काढून अदबीने विचारलं, "इज इट अ प्रेयर?"

"नो," मावशी म्हणाल्या, "इट इज डेटा."

दुसरा धडा होता तिरकं बघण्याचा. "फिकट गोष्ट पाहायची असली तर तिच्याकडे सरळ पाहायचं नाही. जरासं बाजूला पाहायचं. डोळ्याच्या कोपऱ्याला अंधारातलं जास्त समजते." यावर साताऱ्याच्या एक काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आम्ही नवरा असाच बघितला होता. तेव्हा कुठं हे शास्त्र माहीत होतं?" बांधावर जो काही हशा पिकला तो ऐकून बदकंसुद्धा उठून पाण्यात गेली.

हे सगळं कशासाठी, ते मला एका संध्याकाळी कळलं. आभाळ भरून आलं होतं, 'पाहता आलं नाही' असं लिहून झालं होतं, आणि थर्मासमध्ये चहा उरला होता. रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरीचं पुढचं प्रशिक्षण करताना मावशी उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळच्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये काही महिने होत्या. तिथे एक लहान मुलगी ऑपरेशन टेबलवरच गेली. चूक कुणाची नव्हती. सगळं नीट केलं होतं, तरी गेली. मावशी बाहेर पार्किंग लॉटमध्ये येऊन उभ्या राहिल्या. सूर्य केव्हाच मावळला होता. आणि उत्तरेला आभाळात मच्छरदाणी धुऊन वाळत घालावी तसं काहीतरी चंदेरी पसरलेलं त्यांना दिसलं.

"मी पाहतच राहिली. कोणाला बोलवायचं तर आत ते सगळं चालू होतं. मला वाटलं, माझ्याच भुलीचा गॅस मला चढला. दुसऱ्या दिवशी सिनियरला सांगितलं तर तो म्हणाला, नॉर्दर्न लाइट्स. पण ते नव्हतं बावा. लाइट्स हलतात, हे शांत होतं. आणि मंग मीच डाउट घ्यायला लागली. त्या दिवशी माझं डोकं कुठे ठिकाणावर होतं? तीस वर्षं मी समजून चालली की ते मी बनवलं. रिटायर झाली अन् लायब्ररीत एका मासिकात फोटो पाहिला."

"मग तेच होतं की!"

"फोटो पाहून मी म्हणणारच ना, की तेच होतं. दुसऱ्याचा पेपर पाहून उत्तर लिहिल्यासारखं झालं ते. एकदा परत पाहिलं पाहिजे. मंग सांगता येईल, तेव्हा खरंच होतं की नव्हतं."

कुठल्याही सामान्य माणसाने विमानाचं तिकीट काढून उत्तर गाठली असती. मी तसं म्हटलंही. "जाईन," त्या म्हणाल्या, "पण सीझनमध्ये इथली खुर्ची रिकामी ठेवून कसं जायचं?" ओहायोत न दिसणाऱ्या ढगांसाठी दिसणारे ढग सोडणारी ही बाई. मला तेव्हा हसूच आलं होतं.

२००६ च्या उन्हाळ्यात माझे बाबा आले. बाबा सांगलीकडच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. महिन्याभरात ते बांधावरचे मॉनिटर झाले. मावशी त्यांना 'सर' म्हणत आणि ते मावशींना 'नलूताई'. एका संध्याकाळी मी ऑफिसातून उशिरा परतून तळ्यावर गेले, तर बाबा उभे राहून उत्तरेकडे हात करून सांगत होते, "दिसलं नलूताई! अगदी स्पष्ट! निळसर चांदीसारखं, बारीक लाटा आहेत, क्षितिजापासून एक मूठ वर!"

मी बघितलं. माझ्या डोळ्यांना तर रिकामं आभाळ आणि एक विमान एवढंच दिसत होतं. साताऱ्याच्या काकू त्या वर्षी पुन्हा आल्या होत्या. त्यांनी माझा हात हळूच दाबला आणि मोठ्याने म्हणाल्या, "होय की! मलाबी दिसतंय."

मावशी बराच वेळ उत्तरेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेनचं टोपण लावलं.

"सर, शाळेत कॉपी करणारा पोरगा तुम्हाला कसा ओळखू यायचा?"

बाबांनी उत्तरेकडे केलेला हात खाली घेतला.

"त्याचं उत्तर पुस्तकातल्यासारखं असते. शब्दाला शब्द. तुम्ही सांगितलं ते सगळं माझंच लेक्चर आहे. खरं पाहणाऱ्याला काहीतरी एक असं दिसते, जे मी शिकवलेलं नसते."

बाबांचा चेहरा पार पडला. चाळीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडलेला माणूस, आज स्वतः पकडला गेला होता. ते खाली बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं. पण काठावर अडलेल्या मुलाला दोन ग्रेस मार्क देतोच की आपण. तुम्ही इतकी वर्षं बसताय. म्हटलं, एकदा पास होऊ देत."

"मी नापास होऊन राहिली, असं तुम्हाला का वाटलं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात सांगितलं, "ताई, तुम्ही हल्ली चहा कपाच्या बाहेर ओतता."

मला कळलं नव्हतं. शेजारी राहून, रोज बोलून मला कळलं नव्हतं आणि बाबांना महिन्याभरात कळलं. मावशींच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेकडेचं दिसायचं, पण जिकडे बघाल नेमकं तेच पुसल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं होतं. मावशी बाबांवर मुळीच रागावल्या नाहीत. त्यांच्या काळजाला लागलं ते वेगळंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या आणि मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "टाइप कर. या वर्षीचे माझे सगळे 'दिसले नाहीत' रद्द समजावेत. आकाश स्वच्छ होतं, पण पाहणाऱ्याचे डोळे नीट नव्हते. जिथे 'दिसले नाहीत' लिहिलं, तिथे 'पाहता आले नाहीत' लिहावं."

"मावशी, इतरही होते ना तुमच्याबरोबर. आणि न दिसलेल्याला न दिसलेलंच म्हटलंय तुम्ही. काय फरक पडतो?"

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "सेंड कर."

मी सेंड केलं आणि उठून चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन रडले. कॅनडातल्या गृहस्थांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. त्यांनी दुरुस्ती केली होती आणि खूप आभार मानले होते. न दिसल्याची नोंद मागे घेणारं माणूस त्यांनाही बहुधा नवीन असावं.

पुढच्या वर्षी खुर्ची बांधावर आली नाही. त्याच वर्षी खास या ढगांचा अभ्यास करायला एक उपग्रह वर गेला. मला वाटलं, मावशींना वाईट वाटेल. छे! त्या लहान मुलीसारख्या उत्साहाने माझ्याकडून सगळ्या बातम्या वाचून घ्यायच्या. "आता वरून पाहणारा आला. त्याला म्हणावं, खालून कसे दिसतात ते पण विचार कोणाला तरी." उत्तरेला सोयाबीनच्या शेतात एव्हाना नवी घरं उभी राहायला लागली होती.

२००८ मध्ये मुलाने त्यांचं घर विकायला काढलं. त्या आता कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला त्याच्या टाउनहाऊसमध्ये राहायला जाणार होत्या. म्हणजे ओहायोपेक्षाही दक्षिणेला. जूनच्या शेवटी त्या माझ्याकडे आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

"मला तिथे घेऊन चलते का? त्या पार्किंग लॉटमध्ये?"

चार जुलैच्या, अमेरिकन स्वातंत्र्यदिनाच्या लाँग वीकेंडला आम्ही मिनिआपोलिसपर्यंत विमानाने आणि पुढे भाड्याच्या गाडीने गेलो. जुनं हॉस्पिटल आता नर्सिंग होम झालं होतं, पण मागचा पार्किंग लॉट तसाच होता. पश्चिमेला गावाचं धान्य साठवायचं उंच कोठार आणि उत्तरेला नुसती सपाट शेतं. पहिल्या संध्याकाळी ढग दाटून आले. मोटेलवर परतताना मावशी स्वतःच म्हणाल्या, "पाहता आलं नाही, लिही."

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. गाडीतून उतरताना त्यांनी मला बजावलं, "तुला काही दिसलं तरी बोलायचं नाही. एक शब्द नाही. 'अय्या' पण नाही. आधी मी सांगीन."

सूर्य मावळून तासाहून जास्त झाला होता. डास फोडून काढत होते. उत्तरेला क्षितिजाजवळची नारंगी रेघ विझत आली आणि तिच्या वर मला ते दिसलं. इतक्या वर्षांत फक्त ऐकलेलं ते शांत, निळसर उजेडाचं अंथरूण. मी ओठ घट्ट मिटून घेतले. शेजारी मावशी सरळ उत्तरेकडे बघत उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. बाबांनी त्या दिवशी जे केलं ते त्यांनी का केलं, हे मला तेव्हा आतून समजलं. पण मी बोलले नाही.

मग मावशींनी हळूहळू मान वळवली. उत्तरेकडून पश्चिमेकडे, थेट त्या कोठाराकडे. कुणाचं तरी ऐकायला कान द्यावा तसा त्यांचा उजवा गाल उत्तरेला आला. त्या तशाच थांबल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "जाळं आहे." त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. "पण ते तर माझ्या डोक्यातच होतं. याला मार्क नाही. थांब."

मी थांबले. कुठेतरी दूर गावातल्या पोरांचे फटाके वाजत होते.

"मधून एक काळी फट आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "आडवी. उजवीकडे रुंद होत गेली. ही माझ्या आठवणीत नाही. ही कोणत्याच फोटोत नाही." त्यांनी कोठारावरून मान न हलवता उजवा हात उत्तरेकडे लांब केला आणि मूठ वळली. "फट इथे. एक मूठ अन् वर थोडं. आता तू पाहा. आहे?"

मी मूठ धरली. जाळीच्या मधोमध एक काळी पट्टी होती, उजवीकडे रुंद होत गेलेली. एक मूठ आणि वर थोडं.

"आहे, मावशी."

"ग्रेस मार्क देऊन राहिली का?"

"नाही. शपथ."

त्यांनी मोठा श्वास घेतला. "मंग तेव्हाही होतं," त्या म्हणाल्या. "ती पोरगी गेली त्या दिवशी. होतं ते."

"रिपोर्ट माझ्या नावाने पाठव," त्यांनी सांगितलं, आणि मी तो त्यांच्या नावाने पाठवला. पुढच्या महिन्यात त्या फ्रीमाँटला गेल्या. पण नलूमावशी म्हटलं की मला विमानतळावरचा निरोप आठवत नाही, त्या पार्किंग लॉटमधल्या मावशी आठवतात. मी गाडीत बसून हाक मारली तरी त्या हलल्या नव्हत्या. तोंड कोठाराकडे, मूठ उत्तरेकडे. नर्सिंग होममधून ड्यूटी संपवून निघालेल्या एका नर्सने गाडी हळू करून त्यांच्याकडे बघितलं, मग त्या बघत होत्या तिकडे, त्या काळ्या कोठाराकडे बघितलं, आणि तिथे काहीच नाही असं बघून ती निघून गेली.